श्रीमंत टाउनच्या पब्लिक हायस्कूलमधून आयव्हीपर्यंत: मुलांचे अर्ज प्रत्यक्षात कसे वाचले जातात

मध्य न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी सप्टेंबरमध्ये नववीत जाईल. शाळा पब्लिकच, पण राज्यात वरच्या क्रमांकाची. घर घेतलं तेच या शाळेसाठी, ऐपतीच्या थोडं पलीकडे जाऊन. दरवर्षी इथली दहा-पंधरा मुलं हार्वर्ड, प्रिन्स्टन, पेन, कॉर्नेल अशा ‘आयव्ही’ कॉलेजांना (आठ जुन्या, नामवंत खासगी विद्यापीठांचा गट) जातात असं घर घेताना ऐकलं होतं. आता शेजारचे लोक सांगतात की इथे इतकी हुशार मुलं आहेत की आपलं मूल त्यात हरवतं, त्यापेक्षा पलीकडच्या साध्या टाउनमध्ये गेलात तर ती पहिली येईल आणि सहज आत जाईल. यातलं खरं काय, अशा शाळांतून मुलं आत जातात ती नेमकी कशी, आणि आत्तापासून काय करायचं?

मी आधी एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयात अर्ज वाचायचं काम केलं आणि नंतर बरीच वर्षं न्यू जर्सीतल्याच एका पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर होते. दोन्हीकडे जे पाहिलं त्यावरून सांगते. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयात अर्धवट माहितीनेच सगळ्यात जास्त नुकसान होतं.

आपल्यापैकी बहुतेक आईवडील महाराष्ट्रात शिकून इथे आले. आपल्या डोक्यात प्रवेश म्हणजे गुणवत्ता यादी: बारावीचे किंवा सीईटीचे मार्क, कॅप राउंड, व्हीजेटीआयचं किंवा सीओईपीचं कट-ऑफ. एका मार्काने कॉम्प्युटर हुकलं तरी ते का हुकलं ते समजायचं. अमेरिकेतल्या वरच्या खासगी कॉलेजांमध्ये अशी यादी तयारच होत नाही. आशियाई अर्जदारांशी भेदभाव होतो म्हणून हार्वर्डवर जो खटला झाला त्यात जी कागदपत्रं उघड झाली त्यातले आकडे पाहा. २०१९ साली पदवी घेणाऱ्या वर्गासाठी अमेरिकेतूनच सुमारे २६,००० अर्ज आले होते आणि जागा सगळ्या मिळून १,६०० च्या आसपास. त्या अर्जदारांपैकी ८,००० हून जास्त मुलांचा जीपीए (शाळेतल्या ग्रेड्सची सरासरी) पैकीच्या पैकी होता. एसएटी या प्रवेश परीक्षेच्या गणितात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं साधारण ३,५०० होती आणि इंग्रजीत साधारण २,७००. एसएटीच्या नुसत्या गणिताची यादी लावली तरी वर्ग दोनदा भरला असता. म्हणून मार्क हे आत यायचं किमान पात्रतेचं साधन ठरतात आणि निवड पुढे दुसऱ्याच गोष्टींवर होते.

अर्ज वाचला जातो तो शाळेच्या संदर्भात. प्रत्येक कॉलेजात प्रदेशवार अधिकारी नेमलेले असतात. मध्य न्यू जर्सी ज्याच्याकडे असेल तो तुमच्या शाळेला वर्षानुवर्षं ओळखतो. बहुतेकदा एका शाळेचे सगळे अर्ज तो एकापाठोपाठ एक वाचतो. अर्जासोबत शाळेकडून एक दोन-तीन पानी ‘स्कूल प्रोफाइल’ जातं: शाळेत किती एपी (कॉलेजच्या पातळीचे) कोर्सेस आहेत, ग्रेडिंग कसं आहे, एसएटीची सरासरी काय, किती टक्के मुलं चार वर्षांच्या कॉलेजला जातात. काउन्सेलरला कॉमन अ‍ॅपमध्ये (अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज) एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं: या शाळेत कॉलेजची तयारी करणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत या विद्यार्थ्याने घेतलेले विषय किती कठीण होते? सगळ्यात वरचा पर्याय ‘मोस्ट डिमांडिंग’. ही खूण एवढीशी दिसते, पण अर्ज वाचणारा ती पहिल्या मिनिटात बघतो.

याचा परिणाम लक्षात घ्या. तुमच्या मुलीला पंचवीस एपी कोर्सेस उपलब्ध आहेत, रिसर्चचा क्लास आहे, ऑर्केस्ट्रा आहे, रोबोटिक्सची खोली आहे. हे सगळं तिच्या वाट्याला आलेलं आहे हे वाचणाऱ्याला माहीत असतं, आणि तिच्याकडून अपेक्षा त्याच मापाने ठेवली जाते. तिने आठ एपी घेतले तर शेजारच्या बाकावरच्या मुलाने अकरा घेतलेले असतात. ज्या गावात शाळेत चारच एपी शिकवतात तिथल्या मुलाने चारही घेतले तर त्यालाही ‘मोस्ट डिमांडिंग’ मिळतं. श्रीमंत टाउनची शाळा मुलांना तयार करते, यात शंका नाही. कॉलेजला गेल्यावर ही मुलं पहिल्या सेमिस्टरमध्ये गडबडत नाहीत. पण निवडीच्या टेबलावर त्या तयारीचे जादा गुण मिळत नाहीत, कारण तुलना त्याच शाळेतल्या, तितक्याच तयार मुलांशी होते.

शेजारी म्हणतात त्यात म्हणून थोडं तथ्य आहे. पॉल अ‍ॅटवेल या समाजशास्त्रज्ञाने २००१ मध्येच दाखवलं होतं की नामांकित पब्लिक शाळांमध्ये अगदी वरच्या मुलांचा फायदा होतो आणि त्यांच्या खालोखाल असलेल्या, तरीही खूप हुशार, मुलांना तोटा सोसावा लागतो. काही राज्यांत तर हे कायद्यानेच घडतं. टेक्सस राज्याने १९९७ मध्ये नियम केला की प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळेल. ऑस्टिनला गर्दी एवढी झाली की तिथे ही मर्यादा आता २०२६ पासून ५ टक्क्यांवर आली आहे. डॅलस-ऑस्टिनच्या श्रीमंत उपनगरांत राहणाऱ्या आपल्या लोकांना याचा अर्थ चांगला कळतो: मुलाला ९६ टक्के मिळूनही तो शाळेत वरच्या पाच टक्क्यांत नसतो. कॅलिफोर्नियातही प्रत्येक शाळेतल्या वरच्या ९ टक्के मुलांना यूसीच्या (राज्याच्या सरकारी विद्यापीठाच्या) कुठल्या तरी कॅम्पसमध्ये जागेची हमी असते, पण ती जागा बर्कलीत किंवा यूसीएलएत असेल असं नाही. कुपर्टिनो किंवा फ्रिमाँटमध्ये वरचे ९ टक्के गाठणं म्हणजे काय ते तिथल्या पालकांना विचारा.

तरीही घर विकून साध्या टाउनमध्ये जा असं मी सांगणार नाही. एक तर न्यू जर्सीत तसा टक्केवारीचा कायदा नाही. दुसरं, साध्या शाळेत पहिलं येणं आपोआप होत नाही. तिथेही हुशार मुलं असतात आणि तिथे मुलीला कॅल्क्युलस बीसी किंवा फिजिक्स सी असे कठीण एपी शिकवणारा शिक्षक कदाचित नसेल. तिसरं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. चौदाव्या वर्षी मैत्रिणी, बँड, टीम सोडून मुलीला हलवायचं आणि कारण सांगायचं की तुझ्यापेक्षा कमी हुशार मुलं शोधायची होती, हे तिच्या मनावर राहतं. उलट बाजूही तितकीच खरी: कॉलेजच्या यादीकडे बघून ऐपतीबाहेरचं घर घेऊ नका. राज्यातलं सरासरी प्रॉपर्टी टॅक्सचं बिल २०२४ मध्ये वर्षाला १०,००० डॉलरच्या पुढे गेलं. नावाजलेल्या टाउन्समध्ये ते याच्या दुपटीने असू शकतं. तो पैसा मुलीच्या फीला कामी आला असता.

आता त्या दहा-पंधरा मुलांकडे वळू. ही यादी टाउनच्या फेसबुक ग्रुपवर फिरते आणि लोक समजतात की शाळेतले पहिले पंधरा गेले. माझ्या अनुभवात असं क्वचितच असतं. प्रत्येक नावाच्या मागे काय आहे हे काउन्सेलरला माहीत असतं, पण ती सांगू शकत नाही. एक मुलगा रोइंगसाठी घेतलेला असतो. एक मुलगी फेन्सिंगसाठी. आणखी दोघांचे वडील किंवा आई त्याच कॉलेजचे पदवीधर असतात. एकाचे वडील तिथे प्राध्यापक असतात. प्रिन्स्टनच्या आसपासच्या गावांत हे नेहमीचं आहे. एखादं मूल घरातलं कॉलेजला जाणारं पहिलंच असतं.

हार्वर्डच्याच खटल्यातून बाहेर आलेली माहिती सांगते, कारण ती न्यायालयात तपासली गेली आहे. खेळासाठी निवडलेली मुलं अर्जदारांत १ टक्क्याहून कमी होती, पण प्रवेश मिळालेल्यांत १० टक्क्यांहून जास्त. त्यांच्यापैकी दर शंभरात ८६ जणांना प्रवेश मिळत होता. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना साधारण तीनातल्या एकाला. याच खटल्यातल्या सुप्रीम कोर्टाच्या २०२३ च्या निकालाने प्रवेशात वंशाचा विचार करणं थांबलं, पण या सवलतींना त्या निकालाने हात लावला नाही. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये आठ आयव्ही आणि स्टॅनफर्ड, एमआयटी, ड्यूक, शिकागो अशा बारा कॉलेजांचा अभ्यास मांडला. एसएटीचे गुण सारखे असतानाही सगळ्यात श्रीमंत १ टक्का घरांतली मुलं मध्यमवर्गीय मुलांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात तिथे पोचतात, आणि त्याची तीन कारणं त्यांना सापडली: माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण. तिसऱ्या कारणात आपल्यासाठी धडा आहे. हे गुण महागड्या खासगी शाळांतल्या मुलांना जास्त मिळत होते. अशा शाळेत एका काउन्सेलरकडे मोजकी मुलं असतात, ती प्रत्येकाबद्दल दोन पानं मनापासून लिहिते, कॉलेजच्या अधिकाऱ्याशी बोलते. पब्लिक शाळेत, अगदी श्रीमंत टाउनच्या शाळेतही, एका काउन्सेलरकडे दोनशे-अडीचशे मुलं असतात. देशभराची सरासरी तर साडेतीनशेच्या वर आहे.

म्हणून त्या यादीतून ही सगळी नावं वजा करा. जी तीन-चार उरतील त्यांच्याशी तुमच्या मुलीची स्थिती जुळते. हे निराश करायला सांगत नाही. आकडा खरा कळला की चार वर्षांचं नियोजन शहाणपणाने होतं. (एमआयटी, कॅलटेक, जॉन्स हॉपकिन्स, अ‍ॅमहर्स्ट इथे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना सवलत नाही, हेही लक्षात ठेवा.)

या उरलेल्या तीन-चार मुलांकडे काय असतं? विषयांची निवड उत्तम असते, हे गृहीत धरा. इथे एकच सूचना करते: गणिताची शिडी. आपल्याकडे सातवीतच जॉमेट्री, मग दहावीत कॅल्क्युलस असा आग्रह असतो. मुलीला गणित मनापासून आवडत असेल तर जरूर. नसेल तर अकरावी-बारावीपर्यंत कॅल्क्युलस बीसी झालं की पुरे. त्यापुढचं मल्टिव्हेरिएबल घेण्याऐवजी तिला इतिहास आवडत असेल तर इतिहासाचा सगळ्यात कठीण कोर्स घेऊ दे. इंग्रजी सोडून बाकी सगळं एपी, असं ट्रान्सक्रिप्ट (चार वर्षांचं गुणपत्रक) मी पुष्कळदा पाहिलं आहे आणि ते वाचणाऱ्याला चटकन खटकतं.

त्यानंतर येतात अभ्यासाबाहेरच्या गोष्टी, आणि इथे आपला समाज सगळ्यात जास्त शक्ती वाया घालवतो. कॉमन अ‍ॅपमध्ये दहा अ‍ॅक्टिव्हिटीज लिहिता येतात, प्रत्येकीच्या वर्णनाला फक्त १५० अक्षरं. मी एका संध्याकाळी एकाच शाळेतले वीस अर्ज वाचले तर त्यात डिबेट, मॉडेल यूएन, रोबोटिक्स, हॉस्पिटलमधलं व्हॉलंटिअरिंग, भरतनाट्यमचं अरंगेत्रम किंवा तबला, आणि मुलाच्या नावाने काढलेली एक नॉनप्रॉफिट हे बारा-तेरा अर्जांत सापडायचं. यातली कुठलीही गोष्ट वाईट नाही. भरतनाट्यम दहा वर्षं केलं तर त्यामागे किती घाम आहे ते आपल्याला ठाऊक आहे. पण वाचणाऱ्याला त्या नाचणाऱ्या मुलीची ओळख हवी असते. ती नाचातून पुढे कुठे गेली? तिने लहान मुलींना शिकवलं का, मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं नेपथ्य, हिशेब, भांडणं सांभाळली का, शरीरशास्त्राकडे वळली का? एवढं दिसलं तर तीच गोष्ट वेगळी होते.

एका मुलीचं उदाहरण देते, ओळख पटेल असं काही न सांगता. ओक ट्री रोड या भारतीय दुकानांच्या रस्त्याजवळच्या एका औषधांच्या दुकानात ती शनिवार-रविवार काम करायची, पगारावर. तिथे येणारे आजी-आजोबा तिला मेडिकेअरची (वृद्धांच्या सरकारी आरोग्य विम्याची) पत्रं वाचायला द्यायचे, कारण मुलं-सुना कामावर. तिने कुठली संस्था काढली नाही. कुठली पत्रं लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात याची तिने वहीत नोंद ठेवली, त्यावरून मराठी-गुजरातीत सोप्या भाषेतली एक-एक पानी माहिती बनवली, आणि लायब्ररीच्या बाईंना भेटून ती तिथे ठेवायला लावली. तिच्या इंग्रजीच्या शिक्षिकेने रेकमेंडेशनमध्ये लिहिलं की ही मुलगी वर्गातही हेच करते, कुणाला कळलं नाही ते आधी तिच्या लक्षात येतं. निबंध, शिक्षिकेचं पत्र, नोकरी, निवडलेले विषय, सगळं एकाच मुलीचं वाटत होतं. टाउनमधल्या कुणाही पालकाने पैसे देऊन हे विकत आणलं नसतं. पगारी नोकरी आपल्याकडे कमीपणाची मानतात. प्रवेश कार्यालयात तिच्याकडे आदराने बघतात.

स्पर्धांचंही बोलू. गणिताच्या एकापेक्षा एक कठीण परीक्षा, म्हणजे एएमसी, मग एआयएमई, मग यूएसएएमओ, जीवशास्त्राचं ऑलिम्पियाड, रेजेनेरॉनची विज्ञान स्पर्धा, जिच्या ३०० स्कॉलर्समधून ४० अंतिम फेरीत जातात. यात खूप वर पोचलेल्या मुलाला नक्कीच फायदा होतो, विशेषतः एमआयटी-कॅलटेकसाठी. पण तिथे पोचणारी मुलं बहुतेकदा आवडीने तिथे असतात, आणि आवड नसलेल्या मुलाला सहावीपासून कोचिंगमध्ये घालून ती तयार करता येत नाही. उन्हाळ्यात कॉलेजच्या कॅम्पसवर होणारे महागडे ‘प्री-कॉलेज’ कोर्सेस हा बहुतांशी कॉलेजचा उन्हाळी व्यवसाय आहे. पाच-सहा हजार डॉलर भरून तिथे राहून आल्याने त्या कॉलेजच्या प्रवेशात काही फरक पडत नाही. एमआयटीतला आरएसआय किंवा न्यू जर्सीचं गव्हर्नर्स स्कूल या उन्हाळी कार्यक्रमांची गोष्ट वेगळी, कारण तिथे निवड कठीण आहे आणि शिकवणीची फी नाही. पैसे घेऊन ‘रिसर्च पेपर’ छापून देणाऱ्या कंपन्यांपासून दूर राहा. वाचणाऱ्यांना ती मासिकं ओळखता येतात.

शिक्षकांची पत्रं दोन लागतात, सहसा अकरावीच्या शिक्षकांची. हुशार पण वर्गात एक शब्द न बोलणारी, सगळी उत्तरं बरोबर लिहून घरी जाणारी आपली मुलं इथे मार खातात. ‘खूप मेहनती, शांत, उत्तम गुण’ एवढंच पत्र येतं, आणि तसं पत्र शेकडो मुलांचं असतं. मुलीला सांगा की शंका विचारायला शाळा सुटल्यावर थांबणं, चुकीचं उत्तर मोठ्याने देणं, शिक्षकाशी वाद घालणं हे इथे उद्धटपणात मोडत नाही. काउन्सेलरशीही नववीपासून ओळख वाढवू दे, तिने स्वतः जाऊन. पालकांच्या लांबलचक ईमेल्सनी ते काम होत नाही. अकरावीच्या शेवटी शाळा एक प्रश्नावली देते, ‘ब्रॅग शीट’ म्हणतात तिला. काउन्सेलर पत्र लिहिताना तीच समोर ठेवते. ती नीट, प्रसंगांसह भरली तर दोनशे मुलांतल्या तुमच्या मुलीचं पत्र जिवंत होतं.

मुख्य निबंध ६५० शब्दांचा. खासगी सल्लागाराने घासूनपुसून दिलेला निबंध सतरा वर्षांच्या मुलीचा वाटत नाही, आणि ट्रान्सक्रिप्टमधल्या इंग्रजीच्या ग्रेडशी, शिक्षिकेच्या पत्राशी तो जुळत नाही. खासगी सल्लागार घ्यावा का, हे मला हमखास विचारतात. चांगला सल्लागार कॉलेजांची यादी शहाणी करतो, तारखा सांभाळतो आणि घरातली भांडणं कमी करतो. तेवढ्यासाठी काही तासांचे पैसे द्यायला हरकत नाही. पण जो प्रवेशाची हमी देतो, आतली ओळख असल्याचं सांगतो किंवा निबंध लिहून देतो, त्याच्या दारातून परत या. रिक सिंगर नावाच्या अशाच एका सल्लागाराने खोटे खेळाडू उभे करून, परीक्षेत फेरफार करून श्रीमंतांच्या मुलांना आत घातलं. २०१९ मध्ये ते उघडकीस आलं, पालक तुरुंगात गेले आणि २०२३ मध्ये त्यालाही साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. नववीपासून हजारो डॉलरची पॅकेजेस विकणारे सगळे काही गुन्हेगार नसतात, पण ते तुमची भीती विकतात, आणि ती भीती रोज जेवणाच्या टेबलावर मुलीच्या वाट्याला येते.

एसएटीबद्दल थोडक्यात. कोविडनंतर ती ऐच्छिक झाली होती. एमआयटीने २०२२ मध्ये ती परत अनिवार्य केली, २०२४ मध्ये डार्टमथ, ब्राउन, हार्वर्ड, कॅलटेकने. यूसी मात्र गुण बघतच नाही. दहावीच्या उन्हाळ्यात तयारी, अकरावीत दोन वेळा परीक्षा, आणि पुढे १५३० चे १५६० करायला सहा शनिवार घालवू नका.

अर्ज कधी करायचा हा भाग पैशांशी जोडलेला आहे, म्हणून तो नीट वाचा. पेन, कॉर्नेल, कोलंबिया, ब्राउन, डार्टमथ इथे ‘अर्ली डिसिजन’ आहे: नोव्हेंबरच्या सुरुवातीला अर्ज, डिसेंबरच्या मध्यात निकाल, आणि प्रवेश मिळाला तर जायलाच हवं. विद्यार्थी, पालक आणि काउन्सेलर तिघे सही करतात. पेनसारखी कॉलेजं जवळपास अर्धा वर्ग अशा अर्जांतून भरतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्डला लवकर अर्ज करता येतो, तो बंधनकारक नसतो, पण त्या वेळी इतर बहुतेक खासगी कॉलेजांना लवकर अर्ज करता येत नाही. श्रीमंत टाउनच्या शाळांना हे खूप पूर्वीपासून ठाऊक आहे आणि तिथून आत जाणाऱ्या मुलांमध्ये अर्ली डिसिजनवाल्यांचा वाटा मोठा असतो. कारण उघड आहे: ज्या घराला फीची तुलना करायची गरज नाही तेच घर डिसेंबरमध्ये डोळे मिटून सही करू शकतं.

तुमचं घर त्यातलं आहे का, हे नववीतच ठरवा. वरच्या खासगी कॉलेजचा एकूण खर्च आता वर्षाला सुमारे ९०,००० डॉलर किंवा त्याहून जास्त आहे. आयव्हीत गुणवत्तेवर स्कॉलरशिप मिळत नाही, मदत फक्त उत्पन्नावर. हार्वर्डने २०२५-२६ पासून वर्षाला २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना ट्यूशन (शिकवण्याची फी) माफ केली आहे, प्रिन्स्टनने बहुतेक घरांसाठी अडीच लाखांपर्यंत. पण दोघेही आयटीत असलेलं, साडेतीन लाख कमावणारं आणि मोठं मॉर्गेज फेडणारं घर कागदावर श्रीमंत असतं आणि हातात फारसं उरत नाही. अशा घराला पूर्ण फी पडू शकते. राज्यातल्या मुलीला रटगर्स हे न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात पडतं. मेरीलँड, पर्ड्यू, जॉर्जिया टेक बाहेरच्या राज्यातल्यांना महाग, तरी बहुतेक खासगी कॉलेजांपेक्षा स्वस्त.

तुम्ही एच-१बीवर असाल आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असाल, तर तुम्ही प्रश्नात हे लिहिलेलं नाही, पण अनेक मराठी घरांत हीच अडचण असते. एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेली मुलगी इथेच बालवाडीपासून शिकली असली तरी तिला केंद्र सरकारची मदत मिळत नाही आणि पुष्कळ कॉलेजं तिला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी धरतात. मदत मागितली तर काही कॉलेजांत प्रवेशाची शक्यता कमी होते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, अ‍ॅमहर्स्ट, बोडिन आणि अलीकडे ब्राउन इथे परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही मदतीची गरज निवडीत धरली जात नाही. राज्याची कमी फी मिळेल की नाही ते राज्याप्रमाणे बदलतं, म्हणून विद्यापीठाकडून लेखी घ्या. शिवाय २१ व्या वर्षी एच-४ संपतो आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागतं, ते कॉलेजच्या मधल्या वर्षात येतं. या गोष्टी बारावीच्या डिसेंबरमध्ये कळलेली घरं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा हातात काही राहत नाही.

आणि मुलीची तब्येत. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोमध्ये, जिथे आपली कितीतरी कुटुंबं राहतात, २०१५ मध्ये तिथल्या शाळांच्या प्रमुखांनी, सुपरिंटेंडेंटनी, पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं. मुलांवरचा ताण आणि मानसिक आजारांचं प्रमाण पाहून त्यांनी हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा बंद केल्या आणि होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. टाउनमध्ये मोठा वाद झाला, आणि विरोध करणाऱ्यांत आशियाई पालक बरेच होते. मला त्यांची चिंता समजते, ते स्वतः परीक्षांच्या जोरावर इथवर आले होते. पण सुनिया लूथर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी अशाच श्रीमंत, यशस्वी शाळांतल्या मुलांवर अनेक वर्षं संशोधन केलं आणि तिथे नैराश्य, चिंता, व्यसनांचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असल्याचं दाखवलं. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या अहवालाने या मुलांना धोका असलेल्या गटांत धरलं. रात्री एकपर्यंत जागणारी, जेवणं टाळणारी, ‘मला काही होत नाही’ म्हणणारी मुलं माझ्या ऑफिसात येऊन रडायची, आणि त्यांच्या घरी याचा पत्ता नसायचा. तुमची मुलगी आठ तास झोपत नसेल तर एक एपी कमी करा. हा सल्ला मी कॉलेजच्या दृष्टीनेही देते, पण कॉलेजचा काही संबंध नसता तरी हाच दिला असता.

हे सगळं कशासाठी, याचंही उत्तर संशोधनात आहे. स्टेसी डेल आणि अ‍ॅलन क्रूगर या अभ्यासकांनी २००२ मध्ये दाखवलं की वरच्या कॉलेजात जायची कुवत असूनही दुसरीकडे शिकलेल्या मुलांची पुढची कमाई साधारण तितकीच होते. गरीब घरांतल्या मुलांना मात्र वरच्या कॉलेजचा फायदा होतो. चेट्टींच्या अभ्यासातही सरासरी कमाईत फारसा फरक दिसला नाही. अगदी वरच्या १ टक्का उत्पन्नात पोचणं आणि मोजक्या नामवंत कंपन्यांत शिरणं याची शक्यता मात्र बरीच वाढते. तुमच्या घरातल्या मुलीसाठी रटगर्स ऑनर्स आणि कॉर्नेल यांत आयुष्य उद्ध्वस्त होण्याइतकं अंतर नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू द्या, आणि बारावीत नव्हे, आत्ता.

सप्टेंबरमध्ये काउन्सेलरची भेट घ्याल तेव्हा मुलीला सोबत न्या आणि तिलाच बोलू द्या. शाळेत स्कॉयर किंवा नॅव्हियन्स (कॉलेजच्या अर्जांची नोंद ठेवणारी सॉफ्टवेअर) असेल तर त्यातल्या आलेखात तुमच्या शाळेतून मागच्या काही वर्षांत कुठल्या जीपीएची मुलं कुठे गेली ते दिसेल. त्यातले कमी गुणांवर आत गेलेले ठिपके बहुतेक खेळाडू आणि माजी विद्यार्थ्यांची मुलं आहेत असं धरून चाला. ‘मोस्ट डिमांडिंग’ची खूण शाळा कशावरून देते ते विचारा, दर शाळेची पद्धत वेगळी असते. स्कूल प्रोफाइलची प्रत मागा. आणि त्याच आठवड्यात, मुलगी झोपल्यावर तुम्ही दोघं बसून प्रिन्स्टन, कॉर्नेल आणि रटगर्स या तिघांच्या वेबसाइटवरचं नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता तुम्हाला पडणाऱ्या खर्चाचा अंदाज देणारं) तुमच्या खऱ्या आकड्यांनी भरा.